शेवटच्या बाकावरची अक्का

अक्का, तुझं तिथं नेमकं काय राहिलं होतं?

हे विचारायला मला एकच दुपार मिळाली आणि ती आपल्या भांडणात गेली. त्या भांडणात मी अजूनही माझ्याच बाजूनं आहे. परभणीच्या दवाखान्यात तू खाटेवर उठून बसलेली, सलाईनची सुई हातात तशीच, आणि एकच धोशा लावलेला, "मला घरी, झरीला न्या." डॉक्टर म्हणत होते अजून राहा. मीही तेच म्हणत होते.

"तू डॉक्टरीण कधी झालीस गं?" तू म्हणालीस.

"तुमी पेशंट झालाव तवा."

तू तोंड फिरवलंस. तेवढ्यात खिडकीतून कुठूनतरी घंटा ऐकू आली. देवळातली वाजते तशी नव्हे. एकेक टोला सुटा, सावकाश. तू तिकडं कान दिलास, राग विसरलीस आणि माझ्याकडं न बघताच म्हणालीस, "सुमन, त्या चर्चात जाऊन ये. माझं तिथं राहिलंय."

"कोणत्या चर्चात? काय राहिलंय?"

दारात दादा, तुझे मालक, आले, हातात चहाचा थर्मास. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि गप्प बसलीस. मला वाटलं, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तुझ्या त्या वाक्याचा मी अजून अर्थ लावते आहे. माझं तिथं राहिलंय. म्हणजे विसरलं? म्हणजे करायचं राहिलं, नवस-बिवस? की माझं कुणीतरी तिथं मागं राहिलंय? तीनही गोष्टी तू याच शब्दांत सांगितल्या असत्यास.

एक सांगायचं. तू होतीस तोवर मी तुला 'तुमी'च म्हणत आले. थोरली जाऊ, घराची मालकीण. आता लिहायला बसले तर 'तू' येतंय. येऊ दे.

मी या घरात आले तेव्हा तू मला पहिल्यांदा काय सांगितलंस आठवतं? "दादांसमोर बोलायचं न्हाई. काय लागलं तर मला सांग, मी त्यांना सांगते." दादा म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं तोंड उघडायचं नाही, हा आपल्या घरचा रिवाज. मी बारावी शिकलेली, गावातल्या अंगणवाडीत नोकरी करणारी, सरपंचाशी वाद घालणारी. पण घरात दादा ओट्यावर जेवायला बसले की मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "अक्का, दादांना विचारा, भाजीत मीठ बरं हाय का." दादा तीन हातांवर. त्यांना सगळं ऐकू गेलेलं. तरी तू दारात जाऊन विचारायचीस, "सुमन इचारायलीय, मीठ बरं हाय का." दादा तुला म्हणायचे, "बरं हाय म्हण." आणि तू परत येऊन मला सांगायचीस, "बरं हाय म्हणायलेत." इतकी वर्षं. माझी मुलगी यावर पोट धरून हसायची. तू मात्र एकदाही हसली नाहीस. हे कामही तू पोळ्या लाटाव्यात तसं मन लावून करायचीस.

म्हणून तुझं तेरावं झाल्यावर जे झालं ते मला समजलंच नाही. मी ह्यांना तुझं ते वाक्य सांगत होते. हे म्हणाले, "तापात बोलली आसंल. आपलं काय राहतंय चर्चात?" मी म्हणाले, ताप नव्हता. त्यांनी विषय कापसावर नेला, वेचणीला बाया मिळेनात म्हणून. आणि ओट्यावरून दादांचा आवाज आला.

"उद्या परभणीला जायचं हाय का तुमाला?"

मी आजूबाजूला बघितलं. तू नव्हतीस. दादा माझ्याशीच बोलत होते.

"हो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

जिंतूरकडून येणारी एसटी धरली. दादा पुढच्या सीटवर, मी मागं. दुधनेचा पूल आला तेव्हा त्यांनी खिडकीतून खाली पाण्याकडं बघितलं आणि पूल संपेपर्यंत मान तशीच ठेवली. परभणीला उतरल्यावर मी म्हणणार होते की कुणाला तरी विचारू, चर्च कुठं आहे. दादा चालायला लागले होते. धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात पिशवी. ना कुणाला विचारलं, ना कुठं थांबले. स्टेशनाच्या अंगानं गेले, एका दर्ग्याच्या भिंतीपासून वळले, मग जुन्या रेल्वे क्वार्टरांची रांग, कौलं खचलेली, दारात तुळशी आणि मोटरसायकली. पुढं एक बेकरी, तिच्या खमंग वासातच एक इस्त्रीवाला गाडा लावून उभा. एका घराच्या चौकटीवर रंगीत कागदाची चांदणी टांगलेली, गेल्या नाताळची असणार, रंग उडालेली. शाळेतल्या मुलींचा पाढ्यांसारखा एकसुरी आवाज भिंतीपलीकडून येत होता. आणि मग फाटक. आत काळ्या दगडाचं चर्च.

मी वीस-पंचवीस वर्षं परभणीला येते, अक्का. दवाखाना, कापडाचं दुकान, पंचायत समिती. ही गल्ली मी कधी बघितली नव्हती. आणि दादांना ती डोळे मिटून ठाऊक.

फाटकाशी ते थांबले. "तुमी जावा आत. मी हितं बसतो." बेकरीसमोरच्या बाकड्याकडं बोट केलं.

"तुमी न्हाई येत?"

"न्हाई."

आत गेले. निजामाच्या काळातलं बांधकाम, असं बाहेरच्या पाटीवर होतं. भिंती हातभर जाड. बाहेर ऑक्टोबरचं ऊन अंग भाजत होतं आणि आत पाऊल टाकलं तर एकदम माठाजवळ बसल्यासारखं झालं. मी चपला दारात काढल्या. मग लक्षात आलं, दारात दुसऱ्या कुणाच्याच चपला नाहीत. पुन्हा घालाव्यात की तशाच राहू द्याव्यात हे ठरवण्यात थोडा वेळ गेला. लाकडी बाकं, मधून वाट, समोर वेदी, वर क्रूस. एका बाजूला मेरीमातेची मूर्ती, निळी शाल, पायाशी शेवंतीचे हार. हार आपल्याकडं ओवतात तसेच, सुतळीत. कुठं हात जोडायचे, जोडायचे की नाही, मला काही कळेना. शेवटी मूर्तीला हात जोडले. बाई होती, बरं वाटलं.

एक म्हातारी कोपऱ्यातल्या दारातून आली, हातात फुलांची परडी. पांढरं पातळ, पाठीला बाक, कानात सोन्याच्या बारीक कुड्या. रूथबाई तिचं नाव. मागच्याच रांगेत घर. मी मोबाईलमधला तुझा फोटो दाखवला, माझ्या मुलीच्या लग्नातला.

तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "ही तर आमची पार्वतीबाई! झरीची. लय दिवस झाले आली न्हाई. बरी हाय न्हवं?"

मी सांगितलं. रूथबाईनं परडी बाकावर ठेवली आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला. मग शेवटच्या बाकाकडं हात दाखवला. "तिथं बसायची. भिंतीच्या कडंला."

"काय करायची?"

"बसायची."

"प्रार्थना? हात जोडायची का?"

रूथबाईनं आठवायचा प्रयत्न केला. "न्हाई बघितलं कदी. पुस्तक धरलं न्हाई, गुडघं टेकलं न्हाई. यायची, बसायची, जाताना माझ्याकडं चहा घ्यायची. सुनांच्या गोष्टी सांगायची."

"सुना? तिला सून न्हाई. तिला लेकरूच न्हाई."

"मग त्या धाकट्या जावंच्या आसतील. तू सुमन का?"

तू माझं इथं काय काय सांगून ठेवलं होतंस, अक्का? मी विचारलं नाही. भीती वाटली. त्याऐवजी मी तुझं वाक्य सांगितलं. माझं तिथं राहिलंय.

"थांब," असं म्हणून रूथबाई आत गेली आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आली. लोकांचं विसरलेलं सामान. एक काळी छत्री, दोन चष्मे, मोज्याचा एक पाय, लहान मुलाचा स्वेटर, किल्ल्यांचा जुडगा. आम्ही दोघींनी ते सगळं बाकावर मांडलं. छत्री उघडून बघितली. चष्मा मी डोळ्याला लावून बघितला. तुझं त्यात काहीच नव्हतं. तो स्वेटर हातात धरून रूथबाई थोडी थांबली आणि मग तिनं विचारलं, "तिचे मालक आले न्हाईत का संगं?"

"बाहेर बसलेत."

"फाटकाच्या आत आजूनबी येत न्हाईत म्हण की."

आणि मग तिनं सांगितलं, जसं कुणी मला माहीत असलेलीच गोष्ट सांगावी तसं. चर्चला लागून पूर्वी मिशनचा दवाखाना होता. आता बंद आहे, खिडक्यांना फळ्या मारल्यात. रूथबाई तिथं आया होती. दादा तेव्हा परभणीत कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि तुम्ही दोघं याच गल्लीत, बेकरीच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतात. तू त्या दवाखान्यात बाळंत झालीस. लेकरू एका दिवसापलीकडं जगलं नाही. दुधनेला पूर आलेला, झरीकडच्या गाड्या बंद. लेकराला गावी नेता येईना. तेव्हाच्या फादरांनी आपणहून सांगितलं, मागं भिंतीकडं जागा आहे, तिथं ठेवा. दादांनी स्वतः खड्डा केला.

मी बाकावर बसले. तुझ्याच बाकावर, हे नंतर लक्षात आलं.

अक्का, तुला लेकरू झालं होतं?

या गावात तुला काय काय म्हणायचे ते मी ऐकलंय. माझ्या डोहाळजेवणाला शेजारच्या कौसाबाईनं तुझ्या हातातलं ओटीचं ताट काढून घेतलं होतं. "तू नको, तू वांझ हाईस," असं सगळ्या बायांसमोर. मी पाटावर, हिरवी साडी नेसून. तू ताट सोडून दिलंस आणि आत जाऊन आमटीला फोडणी घातलीस. इतका जोरात ठसका आला की सगळ्या बाया खोकत राहिल्या. मला तेव्हा वाटलं, ही बाई किती सोसते. आता वाटतं, तू काय करत होतीस? एक वाक्य पुरलं असतं. मला झालं होतं. एवढंच. का नाही म्हणालीस?

मी बाहेर आले. दादा बाकड्यावर तसेच, पुढ्यातल्या चहावर साय धरलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर, पदर न सावरता, उभी राहिले.

"दादा, तुमाला सगळं ठावं होतं."

"हाव."

"मग घरात कामून न्हाई सांगितलं कुणाला?"

"आईला ठावं होतं." त्यांची आई, म्हणजे आपल्या सासूबाई, मी यायच्या आधीच वारलेल्या. "आई म्हणली, बोलू नका कुठं. लोक म्हणतील सुनंत दोष हाय. पुन्हा व्हईल, मग कशाला पाहिजे ही गोष्ट. आमी गप्प बसलाव. मग पुन्हा झालंच न्हाई. आन मग सांगायचं कसं? इतक्या वर्षांनी कुणाला काय म्हणून सांगायचं?"

"अक्काला वांझ म्हणायचे लोक."

"मला काय ऐकू येत न्हवतं?" दादा म्हणाले. आवाज चढला नाही, पण बेकरीवाल्यानं वळून बघितलं. "म्या एकदा कौसाबाईच्या दारात जाणार होतो. तुमची अक्का म्हणली, तुमी गेलाव तर मी जीव दीन. माझं लेकरू हाय, मी सांगीन न्हाई तर न सांगीन. तुमी मधी पडू नका."



"आन तुमी हितं कदी आत येत न्हवताव?"

"तिनंच सांगितलं. तुमी आलाव की मला रडाय येतं, मला हितं रडाय यायचं न्हाई. मग मी मोंढ्याच्या बाजारात थांबायचो. ती यायची, मग आमी गाडी धरायचो."

म्हणजे चष्म्याचा नंबर, साडीला फॉल, दातांचा डॉक्टर, ही सगळी तुझी परभणीची कामं म्हणजे हे चर्चच होतं. आणि मी तुझ्याशी वाद घालायची की गावात बाजार भरतो, मग सारखं परभणीला कशाला. तू म्हणायचीस, "गावच्या बाजारात गारवा न्हाई." मला ते वेड्यासारखं वाटायचं.

दादांना तुझं वाक्य सांगितलं. त्यांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली. "लेकराचं म्हणली आसंल," ते म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "नसंलबी. तिला ते दगडाचं लय आवडायचं. चारठाण्याची ना ती. लहानपणी तिथल्या जुन्या दगडी देवळात दुपारी झोपायच्या म्हणं पोरी. म्हणायची, हितं बसलं की माहेरी गेल्यासारखं वाटतंय. बसायचं राहिलं म्हणली आसंल."

"मग लेकरू की बसणं?"

"मला काय ठावं!" दादा एकदम म्हणाले. "तुमाला सांगितलं ना तिनं? मला तर तेवढंबी न्हाई सांगितलं."

त्या क्षणी मला कळलं की त्यांना माझा थोडा राग आलाय. शेवटचं वाक्य माझ्या वाटेला आलं म्हणून. अक्का, ते तू त्यांना का नाही सांगितलंस? ते दारातच तर उभे होते.

रूथबाई फाटकापर्यंत आली. दादांकडं बघून म्हणाली, "या. आता ती न्हाई रडायची." दादा उठले. चपला हातात घेऊन त्यांनी फाटक ओलांडलं.

कबरींच्या मधून मागं गेलो आम्ही तिघं. भिंत नवी बांधलेली, पत्र्याखाली शाळेच्या सायकली लावलेल्या, जवळ एक हातपंप.

"हितं," दादा म्हणाले. "लिंबाखाली."

"लिंब त्या कोपऱ्यात होता," रूथबाई म्हणाली.

"कोपऱ्यात चिंच होती. म्या खणलंय, मला ठावं."

"मी हितं जन्म काढलाय. चिंच फाटकाशी होती."

ना लिंब उरला होता, ना चिंच. दोघंही आपापल्या जागेवर ठाम उभे राहिले, मधे सायकलींची रांग. मी एकदा इकडं बघत होते, एकदा तिकडं. कुठं वाकायचं ते कळेना, म्हणून मी मधल्या सायकलींना हात लावला. शेवटी रूथबाईला विचारलं, "अक्का कुठं उभी राहायची?"

"ती हिकडं येतच न्हवती," रूथबाई म्हणाली. "एकदाबी न्हाई. आतच बसायची. हिकडं पाठ करून."

दादांनी माझ्याकडं बघितलं आणि मी त्यांच्याकडं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या चेहऱ्याकडं असं बघितलं नव्हतं. त्यांना उत्तर माहीत असेल म्हणून मी बघत होते. तेही त्याचसाठी बघत होते.

निघताना फादर भेटले. तरुण मुलगा, आपल्या भागातला नव्हे, मराठी पुस्तकातल्यासारखं शुद्ध. रूथबाईनं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, दिवाळीनंतर मृतांचा दिवस असतो, त्या दिवशी सगळे आपापल्या माणसांची आठवण करायला येतात, तुम्हीही या. मी म्हणाले, आम्ही हिंदू आहोत. ते म्हणाले, "हो, मला कळलं. तरी या."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "वहिनीला लेकरू झालतं?" एवढंच. मग उठून गोठ्यात गेले आणि वेळ नसताना बैलांना पाणी दाखवलं. परत आल्यावर म्हणाले, "चर्चात गेलताव हे गावात बोलू नका. लोक भलतंच म्हणतील." मी विचारलं, भलतं म्हणजे काय? त्यांनाही ते नीट सांगता आलं नाही. भाऊ आणि बायको मिळून काहीतरी करतायत आणि आपल्याला त्यातलं अर्धंच कळलंय, असा त्यांचा चेहरा होता. ते खरंच होतं. पण अर्ध्यापेक्षा जास्त आम्हालाही कुठं कळलं होतं?

आणि मग ते झालं जे तुला आवडलं असतं की नाही हे मला शेवटपर्यंत कळणार नाही.

कौसाबाई बसायला आली. आता थकलीय, काठी टेकत येते. तुझ्या फोटोकडं बघून डोळ्याला पदर लावला. खोटं रडत नव्हती, हे सांगायला पाहिजे. म्हणाली, "गरीब गाय होती गं. पण कूस उजवली न्हाई बिचारीची. वांझच गेली."

"न्हाई," मी म्हणाले. "तिला लेकरू झालतं. परभणीला. ते जगलं न्हाई."

कौसाबाईचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं काठी शोधली, जी तिच्या हातातच होती. "मला कामून न्हाई बोलली कदी?" ती म्हणाली. "मी काय काय बोलले तिला. तिनं मला का बोलू दिलं?" आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. ती हळूहळू उंबरा उतरून गेली आणि मी तुझ्या फोटोसमोर उभी राहिले. तू जन्मभर जपलेली गोष्ट मी एका वाक्यात देऊन टाकली होती. माझं लेकरू हाय, मी सांगीन न्हाई तर न सांगीन. हे तू दादांना म्हणाली होतीस आणि दादांनी ते पाळलं. मला मात्र त्या बाईनं तुला पुन्हा तो शब्द लावलेला सहन झाला नाही. कुणाचं बरोबर? कधी वाटतं, तू असतीस तर मला एक चापट मारली असतीस. कधी वाटतं, तू याचीच वाट बघत होतीस, की हे दुसऱ्या कुणीतरी म्हणावं. रोज एक बाजू घेते आणि भाकरी थापेपर्यंत दुसरी पटते.

गावभर झालंच. ओट्यासमोरून जाणारे येणारे दादांकडं बघायला लागले.  दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते दाराशी आले आणि म्हणाले, "बांधावरची झेंडूची फुलं तोडा. जाऊन यू." हे माझ्याआधी उठले. शर्ट बदलून आले, आणि "मी येऊ का?" असं न विचारता दारात येऊन उभे राहिले.

चर्चच्या आवारात जत्रेसारखी माणसं. पण आवाज नाही. कबरी धुतलेल्या, चुना लावलेला, प्रत्येकीवर मेणबत्त्या आणि फुलं. कुणी डबा आणलेला, कुणी सतरंजी पसरून बसलेलं. एक बाई नवऱ्याच्या कबरीवरचं गवत उपटता उपटता त्याच्यावर चिडत होती, दिवसाढवळ्या, मोठ्यानं. रूथबाईनं आम्हाला मेणबत्त्या दिल्या. सायकली त्या दिवशी काढून ठेवल्या होत्या. दादांनी त्यांच्या जागेवर फुलं वाहिली. मग थोडं थांबले, चालत रूथबाईच्या कोपऱ्यात गेले आणि तिथंही वाहिली. हे त्यांच्यामागं मेणबत्ती धरून, वाऱ्याला हात आडवा धरून. आपल्या थोरल्या भावाच्या लेकराला भेटायला आलेला काका. मला ते बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना.

मग सगळे आत बसले. आम्ही शेवटच्या बाकावर. फादरांनी सांगितलं, ज्यांना आपल्या माणसाचं नाव घ्यायचं असेल त्यांनी पुढं यावं. एकेक माणूस उठून माईकशी जायचा, नाव घ्यायचा आणि सगळं चर्च एका सुरात त्या माणसाला विसावा मागायचं. मार्था. दाऊद. माझी आई, शांताबाई. कुणी नावानंतर हुंदका द्यायचा, कुणी घसा खाकरून परत यायचा.

दादा उठले. मला वाटलं बाहेर निघाले. ते मधल्या वाटेनं पुढं गेले, टोपी काढून हातात घेतली. माईक त्यांना उंच होता, फादरांनी वाकवून दिला.

"पार्वती," ते म्हणाले.

अक्का, तुझं नाव त्यांच्या तोंडून मी कधीही ऐकलं नव्हतं. ते तुला हाक मारायचे तेव्हा नुसतं 'ऐकलं का' म्हणायचे. आता ते नाव त्या दगडी भिंतींतून मोठं होऊन परत आलं. लोकांनी तुझ्यासाठी विसावा मागितला. झालं, असं मला वाटलं. पण दादा जागचे हलले नाहीत. मागं माणसं रांगेत उभी. फादरांनी हळूच त्यांच्या खांद्याला हात लावला.

"आन इंदू," दादा म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मला माहीत नव्हतं. दवाखान्यातल्या त्या एका दिवसात तुम्ही दोघांनी नाव ठेवलं होतं आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही ते विचारायचं सुचलं नव्हतं. रूथबाई लेकरू म्हणत होती, दादा लेकरू म्हणत होते, मीही गावभर लेकरूच म्हणत फिरले.

सगळ्या चर्चनं इंदूसाठी विसावा मागितला. मला त्यांचे शब्द येत नव्हते, तरी शेवटचे मी धरले आणि मोठ्यानं म्हटले.

मुलगी होती होय, अक्का.